वाचकांचे प्रश्न : बुडालेली जहाजे वर काढणारा अभियंता

मागील अंकात आम्ही अमेरिकी नौदलातील अभियंता एडवर्ड एल्सबर्ग (१८९१–१९८३) यांच्यावर एक छोटे टिपण छापले होते. समुद्रतळाशी गेलेली एस-५१ ही पाणबुडी त्यांनी १९२६ मध्ये वर काढली आणि दुसऱ्या महायुद्धात तांबड्या समुद्रावरचे, जाणूनबुजून उद्ध्वस्त केलेले मसावा बंदर पुन्हा कामाला लावले, एवढाच मजकूर त्यात होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना, नौदलाच्या गोदीत जहाजदुरुस्तीचे काम केलेले आमचे स्तंभलेखक येथे उत्तरे देत आहेत.

प्रश्न : एस-५१ ही काही प्रचंड युद्धनौका नव्हती. मोठ्या क्रेन आणून तिला सरळ उचलून का घेतले नाही? एवढे महिने कशासाठी लागले? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण विचारलेली गोष्ट त्या वेळी खरोखरच करून पाहिली गेली होती. २५ सप्टेंबर १९२५ च्या रात्री ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंडच्या समुद्रात 'सिटी ऑफ रोम' या प्रवासी आगबोटीची धडक बसून एस-५१ बुडाली. तिच्यावरील ३६ जणांपैकी केवळ ३ जण वाचले. आत कोणी जिवंत असेल या आशेने लगोलग तरंगत्या क्रेन आणल्या गेल्या, पण पाण्याने भरलेली पाणबुडी त्यांना हलली नाही. तिचे मूळ वजन ९०० टनांहून अधिक होते, ती सुमारे ४० मीटर खोलीवर चिकणमातीत एका कुशीवर रुतून बसली होती आणि तो समुद्र सर्व बाजूंनी उघडा होता. उघड्या समुद्रात क्रेन लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर जाते त्या क्षणी दोरखंडावर येणारा ताण हिशेबातल्या वजनाच्या कितीतरी पट होतो आणि एक दोरखंड तुटला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यावर पडून सगळेच एकामागून एक तुटतात.

म्हणून एल्सबर्ग यांनी वेगळी दिशा धरली. या व्यवसायाचे मर्म मला तीत दिसते. जहाज वरून ओढायचे नाही, तर त्याला स्वतः तरंगायला लावायचे, आणि तरंगण्यासाठी जेवढे बळ त्याच्या अंगी उरलेले नाही तेवढेच बाहेरून पुरवायचे. धडकेने फाटलेला बॅटरीचा कप्पा वगळता जे कप्पे बंद करता येण्यासारखे होते ते बंद करून त्यांतील पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर काढायचे आणि उरलेला भार पोंटूनांवर घ्यायचा, अशी योजना ठरली. पोंटून म्हणजे पोलादाची महाकाय पिंपे. प्रत्येकाची उचल सुमारे ८० टन होती आणि अशी आठ पोंटून वापरली गेली. त्यांत पाणी भरून ती पाणबुडीच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने तळाशी उतरवायची, पाणबुडीखालून नेलेल्या साखळदंडांनी एकमेकांना बांधायची आणि मग त्यांत हवा भरायची.

हे कागदावर सोपे दिसते, परंतु साखळदंड पाणबुडीच्या पोटाखालून पलीकडे न्यायचा तर आधी तिथे बोगदा हवा आणि तो ४० मीटर खोलीवर, गारठलेल्या पाण्यात, घट्ट चिकणमातीत एकट्या पाणबुड्याने पालथे पडून खणायचा. माती धुवून काढण्यासाठी आगीच्या बंबासारखा पाण्याचा जोरदार फवारा वापरावा, तर त्याच्या उलट्या धक्क्याने पाणबुड्याच मागे फेकला जाई, कारण पाण्यात पाय रोवायला काही नसते. यावर तोटीला मागच्या बाजूनेही छिद्रे ठेवून पुढचा आणि मागचा धक्का एकमेकांत जिरवण्याची युक्ती काढण्यात आली आणि बोगदे पुढे सरकू लागले. एकदा बोगदा खणणाऱ्या पाणबुड्याच्या मागे माती ढासळली आणि तो आतच कोंडला गेला. हातातल्या फवाऱ्यानेच मागची माती धुवून तो बाहेर आला आणि काम पुढे चालू राहिले.

कप्पे बंद करणे हेही वेगळेच संकट होते. पाणबुडीच्या हॅचची, म्हणजे आत उतरण्याच्या दारांची, झाकणे बाहेरच्या पाण्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेली असतात. बाहेरून जितका दाब अधिक तितकी ती घट्ट बसतात. पण आतून हवा भरू लागताच तीच झाकणे वर उचलली जातात आणि हवा निसटते. म्हणजे जी रचना जहाजाला बुडण्यापासून वाचवते, तीच त्याला वर येऊ देत नाही. त्यामुळे आतला दाब सहन करतील अशी वेगळी झाकणे मुद्दाम करून ती पाण्याखाली बसवावी लागली. पाण्याखाली पोलाद कापणाऱ्या ऑक्सिजन-हायड्रोजन टॉर्चमध्येही एल्सबर्ग यांनी याच काळात सुधारणा केली.

हिवाळ्यात काम थांबवावे लागले. ते एप्रिल १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाले. जूनच्या अखेरीस सर्व तयारी होत आली असताना वादळी समुद्रात पाणबुडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, ठरलेल्या वेळेआधीच वर आली. असे का होते, हे सांगितले पाहिजे. ४० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या पाचपट असतो, म्हणून तिथे भरलेली हवा वर येताना पाचपट फुगू पाहते. अशा वेळी अर्धवट भरलेल्या कप्प्यातले पाणी जास्तच बाहेर ढकलले जाते, उचल आणखी वाढते, वेगही वाढतो आणि एकदा तळ सोडलेले जहाज मध्येच कुठे थांबत नाही. एक टोक आधी सुटले तर आतले उरलेले पाणी दुसऱ्या टोकाकडे धावते आणि ते टोक अधिकच जड होते. एल्सबर्ग यांना उसळत्या समुद्रात पोंटूनांच्या झडपा उघडायला लावून, आठवडेच्या आठवडे खपून वर आणलेली पाणबुडी स्वतःच्या हुकमाने पुन्हा बुडवावी लागली. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतला सर्वांत कठीण निर्णय हाच होता, कारण तसेच रेटून ओढत नेण्याचा मोह कोणालाही झाला असता आणि तसे केले असते तर साखळदंड निसटून सगळेच हातचे गेले असते. पुढे ५ जुलै १९२६ रोजी ती पुन्हा वर आली आणि पोंटूनांच्या आधाराने अतिशय मंद गतीने न्यूयॉर्कच्या नौदल गोदीकडे नेण्यात आली. वाटेत ईस्ट रिव्हरमध्ये ती खडकावर टेकली, तेथूनही तिला सोडवावे लागले.

प्रश्न : एल्सबर्ग स्वतः पाणबुडे होते का? अभियंत्याने खाली जाण्याची गरज काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मुळात नव्हते. ते नौदल अकादमीचे १९१४ चे पदवीधर आणि पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नौकास्थापत्य शिकलेले अधिकारी होते. एस-५१ चे काम चालू असताना त्यांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली जाण्याचे शिक्षण घेतले. त्या काळचा पोशाख म्हणजे तांब्याचे शिरस्त्राण, शिशाचा पट्टा आणि शिशाचे तळवे असलेले बूट धरून ८० किलोंहून अधिक वजन. हवा वरून नळीने येई आणि बोलणे टेलिफोनच्या तारेवर चाले.

गरज काय, याचे उत्तर मला अनुभवाने पटलेले आहे. पाणबुड्या जे सांगतो ते खरे असते, परंतु ते हाताने चाचपून कळलेले असते. गढूळ पाण्यात त्याला अख्खे जहाज कधीच दिसत नाही, समोरचे हातभर पोलाद तेवढे दिसते. शिवाय त्या खोलीवर हवेतील नायट्रोजनमुळे विचार मंदावतात. नायट्रोजन हे त्याचे कारण असल्याचे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९३० च्या दशकात मांडले. एल्सबर्ग यांच्या पाणबुड्यांना त्याचा अनुभव होता, पण नाव माहीत नव्हते. खालून आलेल्या वर्णनात कोणती गोष्ट सुटली असेल, हे ओळखण्यासाठी वर बसलेल्या अभियंत्याने एकदा तरी त्या अंधारात उभे राहिले पाहिजे. आपण सांगतो ते काम एका माणसाच्या दोन हातांनी होणारे आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मसावाची तरंगती गोदी 'वर काढणे अशक्य' असा निर्वाळा दिलेला असताना ती कशी काढली? आणि एका गोदीला एवढे महत्त्व का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : गोदीच्या महत्त्वाविषयी आधी सांगतो. एप्रिल १९४१ मध्ये इटालियन सैन्याने एरिट्रियातील मसावा बंदर सोडण्यापूर्वी तिथली जहाजे बंदराच्या तोंडाशी आणि धक्क्यांजवळ ओळीने बुडवली, तरंगत्या गोद्या स्फोटांनी फोडल्या आणि कारखान्यांतील यंत्रे मोडून टाकली. मसावा जिंकण्याच्या ब्रिटिश मोहिमेशी आपलाही संबंध आहे. मसावाकडे जाणारी वाट केरेनच्या डोंगरांतून जात होती आणि मार्च १९४१ मधील केरेनच्या रक्तरंजित लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण लढली होती. ८ एप्रिलला मसावा पडले, पण हाती आलेले बंदर निरुपयोगी होते. पुढे १९४२ मध्ये जर्मन सैन्य इजिप्तमध्ये शिरून अलेक्झांड्रियाचा नाविक तळच धोक्यात आला. तेव्हा भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश युद्धनौकांना दुरुस्तीसाठी जवळची गोदी उरणार नाही आणि त्यांना दक्षिण आफ्रिकेतील डर्बन किंवा मुंबईपर्यंत हजारो मैल जावे लागेल, अशी स्थिती आली. त्यामुळे तांबड्या समुद्रातल्या एका गोदीचे मोल एखाद्या ताफ्याएवढे झाले.

आता ती कशी काढली ते पाहू. तरंगती गोदी म्हणजे पोकळ कप्प्यांचा रुंद तळ आणि दोन्ही बाजूंना उंच पोकळ भिंती. कप्प्यांत पाणी घेतले की ती खाली बसते, जहाज आत येते, पाणी उपसले की जहाजासह वर येते. इटालियनांनी मोठ्या गोदीच्या तळाच्या कप्प्यांत बॉम्ब ठेवून स्फोट घडवले होते. ज्यांनी तिची आधी पाहणी केली त्यांनी तळाला पडलेली भगदाडे पाहिली आणि ती पाण्याखाली पोलादी ठिगळे लावून बुजवायला किती काळ लागेल याचा हिशेब केला. तो हिशेब बरोबर होता आणि उत्तर खरोखर निराशाजनक होते.

एल्सबर्ग यांनी प्रश्नच बदलला. पेला उपडा करून पाण्यात दाबला तर त्यातली हवा खालून निसटत नाही, कारण हवा फक्त वरच्या बाजूने जाऊ पाहते. मग गोदीच्या तळाला पडलेले भोक बुजवायचे कशाला? वरची बाजू हवाबंद करावी, आत हवा भरत राहावी आणि पाण्याला त्याच भगदाडांतून खाली जाऊ द्यावे. शत्रूने पाडलेली भोकेच पाणी बाहेर जाण्याचा मार्ग झाली. त्यासाठी हवेचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाहून थोडाच अधिक लागतो, म्हणून हाताशी मिळतील ते कॉम्प्रेसर जमवून काम सुरू करता आले. मूठभर पाणबुडे आणि कारागीर घेऊन त्यांनी मे १९४२ मध्ये ही गोदी दहा दिवसांच्या आत पाण्यावर आणली.

विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहे म्हणून थोडे अधिक लिहितो. उपड्या पेल्याचे तत्त्व शाळेतच शिकवतात, ते पाहणी करणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला ठाऊक होते. फरक पडला तो गोदी पाहण्याच्या रीतीत. जे मोडले आहे ते पूर्ववत करायचे, असे मनाशी धरले की भगदाड ही अडचण ठरते. पण ती केवळ तरंगायला हवी आहे आणि पूर्ववत करण्याचे काम ती वर आल्यावर कोरड्यात करता येईल, असे धरले की भगदाडाचे काय करायचे हा प्रश्नच त्या घडीला उरत नाही. अर्थात धोका होताच. तळ उघडा असलेली गोदी वर येताना एका बाजूला कलली तर त्या बाजूची हवा भगदाडातून निसटते, ती बाजू आणखी बसते आणि सगळा डोलारा उलटू शकतो. म्हणून कोणत्या कप्प्यात किती हवा चालली आहे याचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागला.

मसावातील उष्णता आणि दमटपणा कुख्यात आहे. उन्हात तापलेल्या पोलादी पत्र्याला हात लावता येत नसे. अशा ठिकाणी इटालियन युद्धकैदी, एरिट्रियन मजूर आणि अमेरिकेतून आलेले थोडे कारागीर यांच्या हातांनी मोडलेली यंत्रे दुरुस्त झाली. काही भाग नव्याने ओतून घेतले गेले आणि कारखाना चालू झाला. बुडवलेल्या जहाजांपैकी 'लीबेनफेल्स' या जर्मन मालवाहू जहाजासारखी काही वर काढली गेली. त्याच वर्षी ब्रिटिश क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) 'डायडो' पिछाडीच्या दुरुस्तीसाठी आली तेव्हा वापरात असलेली गोदी तिच्यासाठी लहान होती. एल्सबर्ग यांनी अख्खे जहाज उचलण्याचा नाद सोडून फक्त पिछाडी गोदीत घेऊन वर उचलली आणि नाळ पाण्यात तरंगती ठेवली. अशा अवस्थेत जहाजाच्या कण्यावर कुठे किती ताण येतो याचे गणित चुकले असते तर क्रूझर आणि गोदी दोन्ही गमवावी लागली असती. ते चुकले नाही, आणि तिच्यामागून तिच्याच वर्गातील आणखी क्रूझर तेथे दुरुस्त होऊन गेल्या.

प्रश्न : आपल्या टिपणात फक्त यशाच्या कथा होत्या. अपयश आले नाही काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपली तक्रार योग्य आहे. १७ डिसेंबर १९२७ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ एस-४ ही पाणबुडी तटरक्षक दलाच्या 'पॉल्डिंग' या नौकेच्या धडकेने बुडाली. खोली ३१ मीटर, म्हणजे एस-५१ पेक्षा कमी होती. पाणबुडे तळाशी पोहोचले तेव्हा पुढच्या टॉर्पेडो कक्षातून ठोके ऐकू आले. आत सहा माणसे जिवंत होती आणि पोलादावर ठोके देऊन ती प्रश्न विचारत होती. एल्सबर्ग यांनी त्याच्या आदल्या वर्षी नौदलाची नोकरी सोडलेली होती, तरी ते स्वतःहून मदतीला धावले. परंतु हिवाळी वादळ उठले आणि काम थांबवावे लागले. याच वादळात थॉमस ईडी या पाणबुड्याने तळाशी अडकलेल्या आपल्या सहकाऱ्याला जिवावर उदार होऊन सोडवले आणि त्यासाठी त्यांना अमेरिकेचे मेडल ऑफ ऑनर मिळाले. पण आतली सहा माणसे वाचली नाहीत. पाणबुडीवरचे चाळीसही जण गेले. पाणबुडी मार्च १९२८ मध्ये वर काढली गेली.

जहाज वर काढण्याचे शास्त्र आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने चालते, माणसाचा श्वास तासांच्या. एस-५१ वर काढणारी माणसे, साधने आणि अनुभव हाताशी असूनही या दोन हिशेबांचा मेळ बसला नाही, हे एस-४ ने कठोरपणे दाखवले. त्यानंतरच अमेरिकी नौदलाने बुडालेल्या पाणबुडीतून माणसे जिवंत काढण्याच्या स्वतंत्र साधनांवर जोर दिला. मॉमसेन यांचे श्वसनयंत्र आणि मॅकॅन यांचा बचाव-कक्ष त्यातून पुढे आले आणि त्यांच्या चाचण्यांसाठी खुद्द एस-४ वापरली गेली. मे १९३९ मध्ये 'स्क्वालस' ही पाणबुडी ७४ मीटर खोलीवर बुडाली तेव्हा त्या कक्षातून ३३ जण जिवंत वर आले. तो कक्ष घेऊन गेलेले जहाज होते 'फाल्कन', म्हणजे एस-५१ च्या कामात पाणबुड्यांना हवा पुरवणारे तेच जहाज. भारतीय नौदलाकडे आज खोल समुद्रात जाणारी पाणबुडी-बचाव याने आहेत. त्यांतील पहिले २०१८ मध्ये मुंबईत सेवेत आले आणि 'निस्तार' हे त्यांचे आधारजहाज जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे दाखल झाले.

प्रश्न : या कामात पाणबुड्यांना सर्वांत मोठा धोका कशाचा असतो? (एक वाचक, मालवण)

उत्तर : मालवणच्या वाचकांना पाण्याखालच्या धोक्यांची ओळख मी नव्याने करून द्यायला नको. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुड्यांच्या रूपात सुटतो आणि सांधे, मज्जारज्जू किंवा मेंदू निकामी करतो. हा 'बेंड्स'चा धोका सर्वांना ठाऊक आहे. एस-५१ च्या खोलीवर तासभर काम केले तर त्याहून अधिक वेळ टप्प्याटप्प्याने वर येण्यात घालवावा लागे.

परंतु एक धोका पाण्यात नसून पाणी उपसल्यानंतर उभा राहतो आणि त्याकडे दुर्लक्ष होते. बंद कप्प्यात साचलेल्या घाण पाण्यात अन्न, कागद आणि इतर सेंद्रिय वस्तू कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पर्ल हार्बर येथे 'नेव्हाडा' ही युद्धनौका वर काढताना फेब्रुवारी १९४२ मध्ये या वायूने दोघांचा बळी घेतला. पाणबुड्याचा पोशाख उतरवून, आता कोरडे झाले, सुरक्षित झाले, असे समजून माणूस आत पाऊल टाकतो. हा वायू थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वाढला की नाक बधिर होऊन वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणे म्हणूनच प्राणघातक ठरते. उपसलेल्या कप्प्यात हवा खेळवल्याशिवाय आणि ती तपासल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नये, हा नियम गोदीतल्या प्रत्येक टाकीला, इतकेच काय गावातल्या मैलाटाकीलाही, तितकाच लागू आहे.

आत राहिलेल्या मृतांविषयीही दोन पत्रांत विचारणा आहे. एस-५१ वर काढण्यामागे ती दुरुस्त करून वापरण्याचा हेतू नव्हता. आत अडकलेल्या खलाशांचे देह नातेवाइकांना मिळावेत, ही मागणी त्यामागे होती. पाणबुडे ज्या अंधाऱ्या कप्प्यांत शिरत होते तिथे त्यांच्याच नौदलातले सहकारी होते. याहून अधिक तपशील छापणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मुंबईत असे काम कधी झाले आहे का? (एक वाचक, माझगाव)

उत्तर : झाले आहे, आणि आपण राहता त्या परिसराच्या अगदी जवळ झाले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावरच्या सुमारे १,४०० टन स्फोटकांना आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. 'जलपद्म' हे शेजारचे जहाज उचलले जाऊन त्याची पिछाडी धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडली. बुडालेली, जळालेली जहाजे आणि कोसळलेल्या इमारती यांचा सुमारे पाच लाख टन ढिगारा हटवून गोद्या पुन्हा चालू करायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती. मसावा किंवा पर्ल हार्बरविषयी जितके लिहिले जाते त्याच्या एक दशांशही या कामगारांविषयी लिहिले गेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

अलीकडच्या काळात १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी स्फोट होऊन बुडाली, १८ जण मृत्युमुखी पडले. ती जून २०१४ मध्ये वर काढण्यात आली. डिसेंबर २०१६ मध्ये 'बेतवा' ही युद्धनौका गोदीतच कलंडली आणि पुढच्या वर्षी ती सरळ उभी करण्यात आली. कलंडलेले जहाज सरळ करणे हे वर काढण्याइतकेच नाजूक काम आहे, कारण ते एका मर्यादेपलीकडे गेले की विरुद्ध बाजूला आपल्याच वजनाने कोसळू पाहते.

मुंबई बंदराचा स्वभाव या कामाला एका अंगाने वाईट आणि एका अंगाने चांगला आहे. पाणी इतके गढूळ असते की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही, आणि तळाचा मऊ गाळ जहाजाला धरून ठेवतो. उचल पुरेशी असूनही जहाज जागचे हलत नाही आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. उलट, उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला पोंटून किंवा बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) जहाजाला घट्ट बांधून ठेवले तर भरती स्वतःच ते वर उचलते. मग ते उथळाकडे सरकवायचे, पुढच्या ओहोटीला पुन्हा बांधायचे. इंधन न जाळता मिळणारी ही शक्ती मसावाला एल्सबर्ग यांच्या वाट्याला नव्हती, कारण तिथे भरतीचा फरक फार थोडा असतो.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. मागील अंक वाचल्यापासून त्याला हेच काम करायचे आहे. त्याने काय शिकावे? (एक पालक, सांगली)

उत्तर : आपल्या मुलाला माझे अभिनंदन कळवा. थेट या विषयाची पदवी आपल्याकडे नाही. नौकास्थापत्य किंवा मरीन इंजिनिअरिंग हे दोन रस्ते जवळचे आहेत. नौकास्थापत्य आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास, कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचे विशाखापट्टणम केंद्र येथे शिकवले जाते. मरीन इंजिनिअरिंगसाठी मुंबईतील इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचे केंद्र आणि तळेगावजवळ इंदुरी येथील तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट आहे. नौदलात तांत्रिक शाखेत निवड झाली तर लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'वर अभियांत्रिकीचे प्रशिक्षण होते. पाणबुड्यांचे शिक्षण कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये मिळते, पण त्यासाठी शरीरप्रकृतीच्या अटी कडक आहेत.

प्रवेशाची वाट पाहत असताना त्याला एक गणित सोडवायला द्यावे. एका बुडालेल्या बार्जचा कप्पा १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर उंच आहे. त्याच्या तळाला भोक आहे आणि ते १५ मीटर खोलीवर आहे. कप्पा रिकामा झाला तर ३२० घनमीटर पाणी बाहेर जाईल. समुद्राचे पाणी घनमीटरला १.०२५ टन धरले तर उचल ३२८ टन मिळेल. त्या खोलीवर एकूण दाब अडीच वातावरणांचा, म्हणून पृष्ठभागावरची ८०० घनमीटर हवा लागेल. मिनिटाला १० घनमीटर हवा देणारा कॉम्प्रेसर ती ८० मिनिटांत भरेल. इथवर ते त्याला सहज येईल. मग त्याला विचारावे की वरच्या पत्र्यातून मिनिटाला ४ घनमीटर हवा निसटत असेल तर किती वेळ लागेल, शेजारचा तेवढाच कप्पा पाण्याने भरलेला राहिला तर बार्ज कोणत्या बाजूला कलेल, आणि ती कलू लागताच तळाच्या भोकातून हवा निसटायला कधी सुरुवात होईल. शेवटच्या प्रश्नासाठी त्याला आकृती काढावी लागेल. ती त्याने जरूर काढावी आणि हवी असल्यास आमच्याकडे पाठवावी, मी तपासून देईन.